डावखुऱ्यांचा गिअर

कात्री. कॉलेजातली ती एकाच बाजूला फळी असलेली खुर्ची. स्पायरल वही. ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये कीबोर्डच्या उजवीकडे आखूड वायरने बांधून ठेवलेला माऊस. जगाने आपल्याशी कुठे कुठे पंगा घेतलाय, याची ही यादी कुठल्याही डावऱ्या माणसाला तोंडपाठ असते. १३ ऑगस्टला, म्हणजे जागतिक डावखुरे दिनाला, ती दरवर्षी नव्याने फिरतेही. पण ज्या यंत्रावर आपण रोज सकाळ-संध्याकाळ जीव टांगून बसतो, ते यंत्र या यादीत कधीच नसतं.

गाडी. आणि पुण्या-नाशकात गाडी म्हणजे दुचाकीच. चार चाकं असतील तर तिला कार म्हणतात.

मी स्वतः डावरी. लिहिणं, जेवणं, दात घासणं सगळं डाव्या हाताने. जेवायला बसल्यावर 'अगं, त्या हाताने नको' ऐकत मोठी झालेली. त्यामुळे दुचाकीच्या हँडलवर कुठल्या हाताला काय काम दिलंय, हे कोणी आणि का ठरवलं, हा प्रश्न मला पडणं साहजिक होतं. उजव्यांना तो पडत नाही. त्यांनी कशाला विचार करायचा, त्यांच्यासाठी तर सगळं रेडिमेड!

तर आधी उजळणी. गिअरच्या बाइकवर उजव्या हाताला रेस आणि पुढचा ब्रेक. उजव्या पायाला मागचा ब्रेक. डाव्या हाताला क्लच, डाव्या पायाला गिअर. म्हणजे पळणं आणि थांबणं ही दोन्ही खाती उजवीकडे, आणि मधला सगळा समन्वय, जुळवाजुळव, ॲडजस्टमेंट डावीकडे. ऑफिसात कसं, निर्णय साहेब घेतात आणि त्या निर्णयांचं खरोखर काहीतरी होईल हे बघायला एक वेगळा माणूस असतो. तसंच काहीसं.

हे ठरवलं कोणी?

आपल्याला वाटतं, की हे असंच होतं. पहिली मोटरसायकल बनली तेव्हापासून गिअर डाव्या पायालाच असणार. साफ चूक. अगदी सुरुवातीच्या गाड्यांवर तर रेसही मुठीत नव्हती. हँडलवर छोटी छोटी लिव्हर्स असायची, ती अंगठ्याने ढकलायची. गिअर पायाने नाही तर हाताने टाकायचा, पेट्रोलच्या टाकीशेजारच्या दांडक्याने. कुठल्या बाजूला काय, हे ज्या त्या कंपनीच्या मर्जीवर. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनची रेस उजव्या मुठीत असायची, तर तिची कट्टर स्पर्धक 'इंडियन' डाव्या मुठीत रेस देऊन गाड्या विकायची. इंडियनचा गिअरचा दांडा उजव्या हाताला. पोलिसांना उजवा हात पिस्तुलासाठी मोकळा राहावा म्हणून हे केलं, अशी एक स्टोरी रंगवून सांगतात. स्टोरी म्हणून झकास आहे. पण गिअर बदलायला तोच उजवा हात लागायचा, तेव्हा पिस्तूल कधी काढायचं हा प्रश्न राहतोच.

पायाने गिअर टाकायची पद्धत रुळली, तेव्हाही एकमत नव्हतंच. ब्रिटिश कंपन्या, म्हणजे ट्रायम्फ, नॉर्टन, बीएसए, रॉयल एनफिल्ड, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला देत. जपानी गाड्यांचं उलटं. हार्लेच्या मोठ्या गाड्यांना गिअर डावीकडे आणि त्याच कंपनीच्या स्पोर्टस्टरला उजवीकडे! एकाच शोरूममध्ये दोन गाड्या, दोन्हीचे पाय उलटे. मित्राची गाडी एक राऊंड मारायला घेतली, समोर कोणीतरी आडवं आलं, ब्रेक म्हणून पाय दाबला आणि पडला गिअर... पुढचं सांगायला नको.

शेवटी अमेरिकन सरकारने डोकं लावलं. त्यांच्या सुरक्षा नियमांतला १२३ क्रमांकाचा नियम मोटरसायकलच्या कंट्रोल्सबद्दल आहे. १ सप्टेंबर १९७४ पासून बनलेल्या आणि अमेरिकेत विकायच्या प्रत्येक गाडीला गिअर डाव्या पायाला, मागचा ब्रेक उजव्या पायाला, क्लच डाव्या हाताला, रेस आणि पुढचा ब्रेक उजव्या हाताला, हे त्याने बांधून टाकलं. अमेरिका हे तेव्हाचं बडं मार्केट. तिथे विकायचं तर दुसरा इलाज नव्हता. नॉर्टनने १९७५ च्या कमांडोवर गिअर डावीकडे हलवला, स्पोर्टस्टरनेही त्याच वर्षी बाजू बदलली. अख्ख्या जगाने मग तोच साचा उचलला.

आता इथे डावऱ्यांनी एक गोष्ट नीट बघून घ्यावी. हा नियम करताना डावऱ्या-उजव्यांचा प्रश्न मुळातच नव्हता. बाजारात तोवर जपानी गाड्यांची चलती होती, त्यांची पद्धत बहुसंख्यांची झाली होती, आणि सगळ्या गाड्या एकसारख्या हव्यात एवढाच मुद्दा होता. तरीही त्यातून गिअर आला तो डाव्या पायाला. डाव्यांना कधी नव्हे ते काहीतरी मिळालं, तेही कोणी मुद्दाम न देता!

बुलेटवाले काका

भारताला अर्थातच घाई नव्हती. मद्रासला १९५५ पासून बनायला लागलेली बुलेट आपली ब्रिटिश सवय सांभाळून होती. गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे तीन खाली. ब्रेक डाव्या पायाला. आणि टाचेने दाबायचं ते न्यूट्रल शोधून देणारं वेगळं लिव्हर, ज्याच्यावर बुलेटवाल्यांचं बायकोपेक्षा जास्त प्रेम. या शतकाच्या पहिल्या दशकात डाव्या गिअरच्या बुलेटी आल्या, आणि २०१० च्या सुमाराला जुनं कास्ट आयर्न इंजिन बंद झालं तसा उजवा गिअरही नव्या गाड्यांतून गेला.

पण जुन्या बुलेटी कुठे जातात? त्या मरत नाहीत. काकांकडून पुतण्याकडे येतात. पुतण्या सोमवार ते शुक्रवार हिंजवडीला पल्सर चालवतो आणि रविवारी काकांची १९८८ ची बुलेट काढून सिंहगडाच्या पायथ्याला जातो. तो एका देहात दोन मेंदू घेऊन फिरत असतो. निवांत असताना काही वाटत नाही. रस्ता मोकळा, डोकं शांत, सगळं आठवतं. पण एखादं कुत्रं आडवं आलं की विचार करायला वेळ नसतो, आणि पाय तेच करतो जे त्याने गेले पाच दिवस केलंय. आपल्या गल्लीतला मेकॅनिक दिवसात आठ वेगवेगळ्या गाड्या ट्रायल मारून आणतो तेव्हा तो कधीही पहिल्या दोनशे मीटरमध्ये रेस पिळत नाही. दोन-तीनदा ब्रेक दाबून बघतो, मग गाडी सोडतो. ही सवय उचलण्यासारखी आहे.

जावा-येझदीची तऱ्हा आणखी वेगळी. किक आणि गिअर दोन्हींना मिळून एकच लिव्हर, तेही डावीकडे. आत दाबून वर वळवलं की किक, गाडी सुरू झाली की परत खाली आणून तोच गिअर. डाव्या पायाच्या माणसाला स्वर्ग! बाकी बहुतेक गाड्यांना किक उजवीकडे. म्हैसूरला ती गाडी १९६१ ते १९९६ बनली. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी हे नाव परत आलं, पण ते डबल ड्यूटीचं लिव्हर काही आलं नाही. नव्या गाड्यांना बटण दाबलं की झालं.

चेतक : डाव्या मनगटाचा सुवर्णकाळ

हँडलवर डाव्या हाताला सगळ्यात जास्त मान कुठल्या गाडीने दिला असेल, तर आपल्या आकुर्डीच्या चेतकने. १९७२ पासून तीन दशकांहून जास्त काळ बजाजने ती बनवली. तिच्यात गिअर पायाला नव्हताच. क्लच दाबायचा आणि तीच डावी मूठ वर-खाली फिरवायची. पहिला वर, मग न्यूट्रल, मग दुसरा, तिसरा, चौथा खाली. क्लचही डाव्या हातात आणि गिअरही. पुढे उभं पोरगं, मागे बायको, पायाशी भाजीची पिशवी, आणि बाबांचं डावं मनगट अप्पा बळवंत चौकात मिनिटाला सहा वेळा फिरतंय. ज्या उजव्या माणसांनी आयुष्यात डाव्या हाताने साधा टाचणीचा डबा उघडला नसेल, त्यांनी हे वीस-वीस वर्षं बिनबोभाट केलं.

मला यातूनच मुद्दा दिसतो. हात डावा की उजवा हे आपण समजतो तितकं पक्कं बटण नाही. सचिन लिहितो डाव्या हाताने, बॅटिंग उजवी. सौरव गांगुली बरोबर उलटा; बाकी सगळं उजव्याने आणि ऑफ साइडची ती जादू डावरी. दोन्ही हातांना काम असेल तिथे कुठला हात काय करतो हे सरावाने ठरतं. बाइक हे बॅटसारखंच दोन हातांचं काम आहे, कात्रीसारखं एका हाताचं नाही. म्हणूनच पहिल्यांदा बाइक शिकताना डावरा आणि उजवा दोघेही सारखेच धडपडतात, सारखीच गाडी बंद पाडतात. डावऱ्यांचा वेगळा क्लास लावावा लागत नाही.

मग फरक पडतच नाही का? पडतो. दोन ठिकाणी, आणि ती दोन्ही ठिकाणं शाळेतल्या यादीपेक्षा बरीच सिरियस आहेत.

घाबरल्यावर कुठला हात?

आपल्या घरांत आता साधारण एक ॲक्टिव्हा किंवा ज्युपिटर असते आणि एक बाइक असते. सकाळी जी मोकळी असेल ती घेऊन निघायचं. आता हँडलकडे बघा. दोन्हींवर डावीकडे एक लिव्हर आहे. दिसायला जुळी भावंडं. पण स्कूटरवर ते लिव्हर म्हणजे ब्रेक आणि बाइकवर तेच लिव्हर म्हणजे क्लच. स्कूटरवर ते आवळलं की गाडी थांबते. बाइकवर ते आवळलं की इंजिन चाकांपासून सुटतं, आणि जो थोडाफार इंजिन ब्रेकिंगचा आधार होता तोही जातो. गाडी मस्त घरंगळत पुढे. थांबायच्या ऐवजी मोकळी!

वर्षभर स्कूटर चालवून अचानक बाइकवर बसलेल्या कोणालाही हा धोका आहे. पण डावऱ्या माणसाचा जोरकस हातच डावा. दचकल्यावर आधी आवळला जातो तो बहुतेक वेळा आपला भरवशाचा हात. उजव्या माणसाचा भरवशाचा हात निदान पुढच्या ब्रेकवर असतो. म्हणजे इथे साचा उजव्यांच्या बाजूने झुकलेला आहे.

आणि पुढचा ब्रेक ही काही किरकोळ चीज नाही. ब्रेक लागला की गाडीचं सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं. त्यामुळे थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. मागचा एकटाच दाबला तर चाक घसरतं. आपल्याकडे घरोघरी याच्या बरोब्बर उलटं शिकवतात. 'पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील!' हा सल्ला आजवर कितीजणांनी ऐकलाय? मी तर तीन वेगवेगळ्या मामांकडून ऐकलाय. वाळूवर, ओल्या रस्त्यावर किंवा वळणात झटका देऊन दाबला तर उलटाल, हे खरं. पण सरळ रस्त्यावर हळूहळू पिळत नेलेला पुढचा ब्रेकच तुम्हाला त्या टेम्पोच्या आधी थांबवेल.

स्कूटरवाल्या डावऱ्यांना मात्र एका गोष्टीने बराच हात दिलाय. कॉम्बी ब्रेक. डावं लिव्हर दाबलं की मागच्याबरोबर पुढचा ब्रेकही थोडा लागतो. होंडाने ॲक्टिव्हात तो आणला २००९ मध्ये, आणि १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस, तर त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. म्हणजे डाव्या हाताने घाबरून आवळलं तरी आता दोन्ही चाकं ऐकतात. सेकंड हँड स्कूटर घेणार असाल तर मॉडेलचं साल बघायचं ते यासाठी. रंग आणि मायलेज नंतर.

मोकळा हात, अडकलेला हात

दुसरं ठिकाण कुठलं? विचार करा, पुणे-सातारा रस्त्यावर तुम्ही टॉप गिअरला निवांत चाललाय. उजव्या हाताला रेस धरून ठेवायचीच आहे. सोडली की स्प्रिंगने मूठ परत फिरते आणि गाडी मंदावते. डाव्या हाताला त्यावेळी काहीही काम नाही. हेल्मेटची काच वर करा, नाकावर बसलेली माशी हाकला, पाठीमागच्याला ढाबा दाखवा. उजव्या माणसाला हे सगळं त्याच्या कच्च्या हाताने करावं लागतं. डावऱ्याचा हुशार हात नेमका मोकळा! हायवेवर डावरा राजा आहे.

आपले हाताने द्यायचे इशारे आठवतात? आरटीओच्या पुस्तकात ते उजव्या हाताने द्यायचे असतात. गाड्या डावीकडून चालतात, ट्रॅफिक उजवीकडून येतो, कारवाला उजव्या खिडकीत बसलेला असतो, म्हणून ते बरोबरच आहे. फक्त दुचाकीवाल्याचा उजवा हात रेसवर आणि पुढच्या ब्रेकवर असतो, ही बाब पुस्तकाने मनाला लावून घेतलेली नाही. 'आठ'चा आकडा काढता काढता उजवा हात बाहेर काढून दाखवणारी पोरं टेस्ट ट्रॅकवर कशी डुगडुगतात, ते एकदा बघून या. सायकलवर हा विचार झालेला दिसतो. आपल्याकडे आणि इंग्लंडात उजव्या लिव्हरला पुढचा ब्रेक असतो, अमेरिकेत डाव्या. उजवा हात इशाऱ्यासाठी बाहेर काढला तरी डाव्या हाताशी मागचा, कमी झटक्याचा ब्रेक उरावा, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. पटण्यासारखं आहे.

मोकळ्या हुशार हाताचा एक वाईट उपयोगही आहे, आणि तो सांगितलाच पाहिजे. मोबाइल. उजव्या माणसाला चालत्या गाडीवर डाव्या हाताने मेसेज टाइप करायचा कंटाळा येतो. डावऱ्याला तो येत नाही, कारण त्याच्यासाठी ते सोपं असतं, अक्षरशः डाव्या हातचा मळ. माझ्या ओळखीत असे दोघं आहेत जे चाळीसच्या स्पीडला 'ऑन द वे' टाइप करतात आणि वर ते कौतुकाने सांगतात. त्यातल्या एकाच्या कॉलरबोनमध्ये आता प्लेट आहे. सांगणं थांबलंय.

आता हायवे सोडा आणि संध्याकाळी साडेसहाला बाणेर रोडवर या. इथे चित्र पालटतं. रेसला काही कामच नाही, गाडी चालतेय ती हाफ क्लचवर. दाब, सोड, अर्धा दाब, परत सोड. तासाभरात किती वेळा, मोजायला जाऊ नका. आणि हा सगळा मार कोणावर? डाव्या हातावर. उजव्या माणसाचा तो रिकामटेकडा हात असतो, घरी जाऊन दुखला तर दुखला. डावऱ्याचा तोच लिहायचा हात, तोच जेवायचा, तोच दुसऱ्या दिवशी माऊस धरायचा. माझ्या ऑफिसातल्या एका डावऱ्या डिझायनरला अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत कळ यायला लागली, तेव्हा सगळ्यांनी माऊसला दोष दिला. नवा माऊस आला, पॅड आलं. दुखणं कमी झालं ते पंधरा दिवस वर्क फ्रॉम होम मिळाल्यावर, जेव्हा माऊस तोच होता आणि बाइक खाली पार्किंगमध्ये उभी होती.

यावर इलाज फार अवघड नाही. क्लचची केबल कोरडी पडली की लिव्हर जड होतं. सर्व्हिसिंगला टाकताना 'क्लच केबल बघा' एवढं तोंडाने सांगा, नाहीतर नुसती धुऊन देतात. लिव्हरचा कोन बदलता येतो. कोपरापासून बोटांपर्यंत हात सरळ रेषेत राहील इतपत ते खाली झुकवून घ्यायचं, म्हणजे मनगट वर मोडत नाही. मेकॅनिकचं पाच मिनिटांचं काम. सिग्नलला क्लच आवळून पहिल्या गिअरमध्ये ताटकळण्यापेक्षा सरळ न्यूट्रल करा. आणि नवी गाडी घेताना ब्रोशरमध्ये 'असिस्ट अँड स्लिपर क्लच' हे शब्द शोधा. रेसिंगमधून आलेली ही चीज यामाहाच्या आर१५, केटीएमच्या ड्यूक ३९०, होंडाच्या सीबी ३५० अशा गाड्यांवर मिळायला लागली. तिचा शायनिंगचा भाग सोडा. लिव्हर हलकं होतं, तुमच्यासाठी मतलबाची गोष्ट ती.

नूडल्सवाल्याचा डावा हात

क्लचच्या लिव्हरला चाट देण्याची आयडिया नवी नाही. होंडाची सुपर कब १९५८ ची. त्या वेळी जपानमध्ये सोबा नूडल्स घरपोच द्यायला पोऱ्या एका हातावर थाळ्यांची चळत तोलून निघायचा. एका हाताने चालवता आली पाहिजे, हा त्या गाडीमागचा विचार. म्हणून क्लचचं लिव्हरच काढून टाकलं. गिअर पायाने टाकला की क्लच आपोआप सुटतो. इंडिकेटरचं बटणही उजव्या मुठीपाशी दिलं, कारण डाव्या हातात नूडल्स! २०१७ मध्ये या मालिकेने १० कोटी गाड्यांचा आकडा ओलांडला. जगात इतकी खपलेली दुसरी कुठलीही मोटर गाडी नाही.

गंमत बघा, त्यांनीही रेस आणि ब्रेक उजव्या हाताकडेच ठेवले. डावा हात मोकळा केला खरा, पण हमालीसाठी.

डाव्या हाताला खरी बढती मिळाली ती रेसिंगमध्ये, आणि तीही नाइलाजाने. ऑस्ट्रेलियाचा मिक डूहान १९९२ मध्ये नेदरलँड्सच्या आसेन ट्रॅकवर पडला. उजवा पाय मोडला, उपचार बिघडले, पाय कापायची वेळ आली होती. रेसिंगमधले प्रसिद्ध इटालियन डॉक्टर क्लाउडिओ कोस्टा यांनी त्याचे दोन्ही पाय काही काळ एकमेकांना शिवून टाकले, डाव्या पायाच्या रक्तावर उजवा जगवायला. पाय वाचला, पण घोटा पूर्वीसारखा वळेना. मागचा ब्रेक तर उजव्या पायाला! मग त्याच्यासाठी डाव्या मुठीपाशी अंगठ्याने दाबायचा ब्रेक बसवला. १९९४ ते १९९८ अशी सलग पाच वर्षं तो ५०० सीसीचा जगज्जेता होता. पुढे धडधाकट पायांच्या मोटोजीपी रायडर्सनीही हा डावा अंगठा ब्रेक लावून घेतला, कारण उजव्या वळणात बाइक जमिनीला टेकायला आली की पायाने ब्रेक दाबायला जागाच उरत नाही.

सर्वसामान्य माणसाचं काय? अपघातात किंवा आजारात उजवा हात गेला, कमजोर झाला, तर? परदेशात डाव्या मुठीत रेस बसवून देणारे किट मिळतात, आणि ब्रिटनमध्ये एनएबीडी नावाची संस्था शारीरिक अडचण असलेल्या बाइकर्सना गाडी बदलून घ्यायला मदत करते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. कंपनीने दिलेल्या रचनेत मनाने बदल करायचा नाही. मात्र अपंगत्व असेल तर 'ॲडॅप्टेड व्हेइकल' म्हणून रस्ता आहे; आरटीओची परवानगी, आरसी बुकवर नोंद आणि लायसन्सही त्याच गाडीचं. कागदपत्रांसाठी चकरा माराव्या लागतात, पण एजंटाच्या 'चालतंय हो' वर गाडी बदलून घेऊ नका. नोंद नसेल तर अपघातानंतर इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न तोच विचारेल.

नुसतं डावरं असणं हे अर्थातच अपंगत्व नाही, आणि माझ्या मते तसा बदल कोणी मागूही नये. डाव्या रेसची गाडी भावाने घाईत काढली तर? पार्किंगवाल्याने हलवली तर? १९७४ च्या आधीचा गोंधळ आपणच आपल्या घरात परत आणायचा, त्याला काय अर्थ!

आता तारच नाही

एक तक्रार मात्र माझी आहे. पूर्वी रेस म्हणजे मुठीपासून कार्बोरेटरपर्यंत खेचलेली तार होती. बाजू बदलायची तर अर्धी गाडी उघडायला लागायची. एथर, आयक्यूब, नवी इलेक्ट्रिक चेतक यांच्यावर क्लच नाही, गिअर नाही, दोन्ही ब्रेक हातात, आणि मूठ म्हणजे फक्त एक सेन्सर. या गाड्यांत नकाशा आहे, ब्लूटूथ आहे, गाणी आहेत, रिव्हर्स आहे. उजवी मूठ मात्र १९७४ मध्ये होती तिथेच. बदलू नये याची कारणं मी वरच दिलीत आणि ती मला मान्य आहेत. तरी विचार तरी करून बघितला का कोणी, एवढंच विचारायचंय.

उलट गिअरच्या मोठ्या बाइक्स हळूच डावीकडे सरकताहेत. होंडाने २०१० मध्ये व्हीएफआर १२०० वर ड्युअल क्लच गिअरबॉक्स आणला. क्लचचं लिव्हर गायब, गिअर डाव्या मुठीवरच्या बटणांनी, एक अंगठ्याने आणि एक तर्जनीने. यामाहाने २०२४ मध्ये एमटी-०९ वर तसलीच बटणं दिली. थोडक्यात, चेतकचं डावं मनगट आता डाव्या अंगठ्यात आलं. फक्त किमती चेतकच्या नाहीत.

तोवर शोरूममध्ये टेस्ट राइडला गेलात, तर सेल्समनने चावी हातात दिल्या दिल्या निघू नका. गाडी स्टँडवरच असू द्या. डोळे मिटा आणि त्याला 'थांब!' म्हणून ओरडायला सांगा. कुठला हात आधी आवळला आणि कुठला पाय दाबला, ते डोळे उघडून बघा. दोन-तीनदा करा. सेल्समन जरा विचित्र बघेल. हात डावीकडेच जात असेल आणि घरी आधीच एक ॲक्टिव्हा उभी असेल, तर बाइक घेतल्यावर पहिला महिनाभर ॲक्टिव्हाची चावी आईकडे ठेवायला द्या.